झेंड्याची दोरी आणि बिडी

त्यांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द शिवी होता. मी नुकताच उदगीरहून बदली होऊन आलो होतो, गावात कुणी ओळखीचं नव्हतं, आणि तहान लागली म्हणून भर दुपारी आडावर पाणी शेंदत उभा होतो. दोरी घसरू नये म्हणून तिचे वेढे हाताला घेतले होते. सगळं जग घेतं तसेच. मागून कुणीतरी आलं आणि माझ्या मनगटावर हाताच्या कडेनं असा फटका मारला की मूठ आपोआप उघडली. घागर दोरीसकट आडात गेली.

"अबे हौले!" पांढऱ्या मिशांचा एक उंच, काळा माणूस माझ्या तोंडापाशी ओरडत होता. "हात पायजे का नको तुला?"

मीही काही थंड डोक्याचा नव्हतो. म्हटलं, "घागर मागून आणलीय. ती कोण भरून देणार? तुम्ही?"

"घागर गळ टाकला की निगती. हात निगत न्हाई." मग माझ्या कोटाकडं आणि पायांतल्या बुटांकडं बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुमी मराठीचे नवे मास्तर काय? मग आमच्या वसरीवर ऱ्हावा की. रिकामीच हाय."

अशा रीतीनं मार खाऊन मी त्यांचा भाडेकरू झालो. ते आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर होते. गाव त्यांना समोर अप्पा म्हणायचं आणि पाठ वळली की दोरीमास्तर. हुलसूरच्या आसपास कुठल्याही गावात जाऊन दोरीमास्तर म्हटलं असतं तरी लोकांनी हसून आमच्या गावाची वाट दाखवली असती.

हे नाव उगाच पडलं नव्हतं. त्यांच्या घरात शिंक्यापासून कवाडापर्यंत सगळं दोरीवर चालायचं. दिवा कप्पीवरून आढ्याला चढायचा, कारण उंदीर तेल पितात. ताकाचं मडकं कप्पीवरून खाली यायचं. खाटेवर पडल्या पडल्या ओढायची एक दोरी होती, ती ओढली की कवाडाची कडी निघायची. पाहुण्यांना हे मोठ्या हौसेनं दाखवायचे आणि निम्म्या वेळा ती कडी अडकायची. मग पाहुणा बाहेर आणि अप्पा आतून ओरडताहेत असा तमाशा व्हायचा. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्का मला म्हणायच्या, "मास्तर, आमच्यात चूल तेवढी दोरीनं पेटत न्हाई. त्ये बी करत्याल एक दिस."

अक्का हे माझ्याकडं बघून म्हणायच्या, नवऱ्याकडं नाही. त्या दोघांत सरळ बोलणं फार कमी. "इचारा त्येंना, भाकरी वाढू का" असं अक्का भिंतीला सांगायच्या आणि अप्पा भिंतीलाच उत्तर द्यायचे. मला वाटायचं, जुनी माणसं, जुनी रीत. तेव्हा मी बिनलग्नाचा होतो, मला काय कळणार कपाळ.

अप्पांच्या तोंडात तीन भाषा होत्या आणि तिन्हींची कामं वाटून दिलेली होती. ड्रिल उर्दूत. निजामाचं राज्य जाऊन, पोलीस ॲक्शन होऊनही बराच काळ लोटला होता, नवे हुकूम हिंदीत द्या असं फर्मान आलं होतं, तरी मैदानावर अप्पा "होशियार!" असं ओरडले की पोरंच काय, बाजूनं जाणारी म्हैससुद्धा उभी राहायची. घरी मराठी. आणि दोरी हातात आली की कन्नड. आमच्या भागात लिंगायतांच्या घरी दोन्ही भाषा नांदतात, त्यात नवल नाही. पण दोरीपुरती वेगळी भाषा काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. विचारलं तर म्हणायचे, "दोरीला मराठी कळत न्हाई."

सगळ्यात मोठं खूळ मात्र आडावर मला भोवलं तेच. दोरी कुणी हाताला गुंडाळलेली दिसली की यांचं डोकं फिरायचं. बाजाराला निघालेल्या परक्या माणसाची बैलगाडी थांबवून, त्यानं मनगटाला वेढलेला कासरा सोडवून, वर त्याला शिव्या देऊन मगच पुढं जाऊ द्यायचे. त्यापायी दोनदा मारामारीची वेळ आली होती. "दोरी धरता कुनाला बी येती," ते म्हणायचे. "सोडता आली पायजे." गाठ म्हणाल तर सुरगाठच. एखाद्या पोरानं दप्तराला निरगाठ मारली तर त्याला सगळ्या वर्गासमोर ती दातानं सोडायला लावायचे.

आणि समुद्र! अप्पांचं म्हणणं होतं की तरुणपणी ते गलबतावर खलाशी होते. ज्या गावात पावसाळ्यात ओढ्याला गुडघाभर पाणी आलं की लोक बघायला जातात, तिथं हे सांगायचं म्हणजे धाडसच. पारावर पोरं मुद्दाम विचारायची, "अप्पा, समुद्र कसा असतो वं?"

"कसा म्हंजे? तुज्या बापाच्या वावरावानी. फकस्त बांध न्हाई."

मग मासे यायचे. मासा दर वेळी वीतभर वाढायचा. अप्पा पाय फाकवून चालायचे, वाऱ्याला नाक लावून पावसाचं भाकीत करायचे आणि त्यांनी 'आज पाऊस न्हाई' म्हटलं की अक्का मुकाट्यानं वाळवण आत घ्यायच्या. पण एक गोष्ट माझ्या तेव्हाही लक्षात आली होती: त्यांच्या समुद्रात मासे होते, चांदणं होतं, नारळाची बेटं होती, वादळ मात्र कधी आलं नाही.

गावाला यातला एक शब्द खरा वाटत नव्हता. झालं होतं असं की लग्न होऊन अक्का नांदायला यायच्या आधीच अप्पा परागंदा झाले होते. सोलापूरला एका दुकानात कामाला म्हणून गेले ते गेलेच. वर्षामागून वर्षं गेली, पत्ता नाही. अक्का निलंग्याकडं माहेरी वाट बघत बसलेल्या. मग एके दिवशी दाढी वाढलेला हा माणूस खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून परत आला आणि समुद्रावर होतो म्हणाला. लोक म्हणाले, कसला समुद्र. सोलापुरात गिरणी आणि गिरणीजवळ एखादी बाई. अक्का नांदायला आल्या, आणि भिंतीशी बोलू लागल्या.

आता झेंड्याचं सांगतो.

शाळेच्या झेंड्याची दोरी ही अप्पांची जहागीर होती. सुती दोर, मेण चोळलेला. संध्याकाळी काठीवरून उतरवून घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा ओवायचे. हे काम ते निजामाच्या अमदानीपासून करत होते, म्हणजे त्या काळी त्याच काठीवर पिवळा झेंडा यांनीच चढवलेला. सरकारी नोकर होते, दुसरं काय करणार? पण राज्य बदलल्यावर गावातल्या काही जणांनी तेवढंच धरून ठेवलं होतं. "ह्येला झेंडा कंचा बी चालतो, दोरी आपली पायजे," असं म्हणून हसायचे, आणि हसता हसता त्यांच्याविरुद्ध एक अर्जही वर गेला होता. जुन्या सरकारचा माणूस, याच्यावर नजर ठेवा, असा. हेडमास्तरांनी अप्पांना बजावलं होतं की आता एक जरी चूक झाली तरी मी वाचवू शकणार नाही.

हेडमास्तर कडगंचीकडचे, घरची भाषा कन्नड, शिक्षण उर्दूत. माणूस वाईट नव्हता, पण वरून कुणी साहेब येणार म्हटलं की त्यांचं पोट बिघडायचं. त्या वर्षी कमलनगरच्या शाळेनं मोठा झेंडा आणल्याचं त्यांच्या कानावर आलं. यांनी त्याहून मोठा मागवला. पंधरा ऑगस्टला तालुक्याचे साहेब झेंडावंदनाला येणार होते. पुण्याकडून आलेले, तरुण, टापटिपीचे गृहस्थ.

अप्पांनी तो झेंडा उलगडला आणि कपाळाला हात लावला. "ह्यो झेंडा न्हाई हेडमास्तर, ह्ये शीड हाय. ह्या दिसांत वारा बगा कसा सुटतोय. मला दोरीपाशी उभं ऱ्हाऊ द्या."

"तुमी पोरांपाशी उभं ऱ्हायाचं," हेडमास्तर म्हणाले. "दोरीपाशी न्हाई. आन त्वांड उघडायचं न्हाई. अर्ज इसरलाव काय?"

अप्पांनी फुलं घालून झेंडा बांधला, सुरगाठ मारली, दोरी साहेबांच्या हाती जाईल अशी लावून दिली आणि पोरांच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी होतो. वारा भलताच होता. पाऊस उघडला होता, पण मैदानात चिखल झाला होता.

साहेबांनी झटका दिला. गाठ सुटली, फुलं पडली, झेंडा उलगडला. टाळ्या झाल्या. इथपर्यंत सगळं छान. आता सलामीला उजवा हात मोकळा हवा, म्हणून साहेबांनी काय केलं, दोरी काठीला बांधायची सोडून डाव्या हाताला गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, आणि मूठ आवळली.

शेजारी अप्पांचा श्वास मला ऐकू आला.

राष्ट्रगीत सुरू झालं. राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, हे पोरांना अप्पांनीच घासून घासून शिकवलेलं. सगळे खांबासारखे उभे. तेवढ्यात वारा भरला. झेंडा असा फुगला की काठी वाकली, आणि दोरी वर ओढली जाऊ लागली. साहेबांचा हात छातीपासून खांद्याशी गेला, खांद्यावरून डोक्याशी. बोटं पांढरी पडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना सरळ दिसत होती, पण उजवा हात सलामीतून हलेना. देशाचं गीत चालू आहे, हलायचं कसं? हेडमास्तर डोळे मिटून गात होते.

"बिडी!" अप्पा ओरडले. "साहेब, बिडी! बिडी!"

पोरांचं गाणं विस्कटलं. साहेबांनी मान वळवून बघितलं, आणि मूठ आणखी घट्ट झाली. अप्पा रांग सोडून धावले. चिखलातून पळत गेले आणि भर सभेत, गाव बघत असताना, तालुक्याच्या साहेबांच्या मनगटावर त्यांनी हाताच्या कडेनं फटका मारला.

मूठ उघडली. दोरी सरसरत वर गेली आणि तो भला मोठा झेंडा खाली चिखलात आला.

पोरांतलं एक लहान पोर रडायला लागलं. अप्पांनी झेंडा उचलला, खांद्यावर घेतला, आपल्या धोतराच्या सोग्यानं त्याचा चिखल पुसू लागले. साहेबांच्या दोन बोटांची सालटी निघाली होती.

"राष्ट्रगीत चालू असताना," ते म्हणाले, "हा माणूस माझ्याकडं बिडी मागतो? आणि वर हात उगारतो?"

कन्नड येणाऱ्या कुणीतरी लगेच पुढं होऊन सांगायला हवं होतं की बिडी म्हणजे 'सोडा'. कुणी झालं नाही. मी स्वतः घाईघाईनं बोलू लागलो, तर साहेबांनी मला गप्प केलं. म्हणाले, जे सांगायचं ते चौकशीत सांगा.

अप्पांना कामावरून थांबवलं. चौकशीला साहेब स्वतःच येणार होते. राष्ट्रध्वजाचा अपमान, अधिकाऱ्यावर हात, आणि पाठीशी तो जुना अर्ज; नोकरी तर जाणारच, पण बिदरच्या जेलची गोष्टही लोक दबक्या आवाजात करू लागले. अप्पा वसरीवर बसून असायचे. ड्रिलच्या वेळेला उठून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे. मला ते बघवत नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी हेडमास्तर घरी आले. त्यांनी आपल्या परीनं तोड काढली होती. "अप्पा, नीट ऐका. आपल्याकडं सोडा म्हणायचं झालं तर काय म्हणत्यात? मोठ्या माणसाला म्हणत्यात बिड्री. बरोबरीच्याला म्हणत्यात बिड. बिडी कोन म्हणतंय? पुस्तकात असंल, पर तुमी कन्नडचं पुस्तक कवा उघडलाव? साहेब कुनाला बी इचारंल, तर त्यो म्हणंल, असा शबुद हितं न्हाई. म्हणून सांगतो, घाबरून 'बिड' म्हणलो म्हणा. एकेरी बोललो, माफी करा म्हणा. मी बी त्येच सांगतो. मास्तर लिहून घेत्याल. मिटलं."

"मी साहेबाला अरे-तुरे केलो न्हाई," अप्पा म्हणाले.

"अवो, म्हणायला काय जातंय?"

"जे म्हणलो न्हाई त्ये म्हणलो कामून म्हणू? मी बिडी म्हणलो. समुद्रावर तसंच म्हणत्यात. माजा तांडेल, गलबताचा म्होरक्या, किनाऱ्यावरल्या होन्नावरचा व्हता. तिकडं बिड्री न्हाई, बिडीच."

हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. या माणसाची सगळी भिस्त आता अशा एका गोष्टीवर होती जिला गावात कुणी खरं मानत नव्हतं. चुलीपुढं बसलेल्या अक्कांचा हात भाकरी थापता थापता थांबला होता.

"समुद्र," हेडमास्तर उठता उठता म्हणाले. "अप्पा, समुद्र नका सांगू साहेबाला. हात जोडतो."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसात टेबलामागं साहेब, बाजूला हेडमास्तर, आणि जबाब लिहायला मी. साहेबांच्या डाव्या हाताला पट्टी होती. दार उघडं होतं, आणि दाराबाहेर अक्का येऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

अप्पांनी समुद्रच सांगितला. सोलापूरच्या दुकानातून पळून मुंबई गाठली, बंदरावर हमाली केली, होन्नावरच्या तांडेलानं कन्नड येतं म्हणून गलबतावर घेतलं, आणि तिकडं 'सोडा'ला बिडीच म्हणतात. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि हेडमास्तरांना विचारलं, "हा शब्द इकडं वापरतात?"

हेडमास्तरांच्या कपाळाला घाम आला होता. खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही. "आमच्याकडं बिड्री म्हणत्यात, साहेब. बिडी... किनाऱ्याकडं म्हणत असतील. मला म्हाईत न्हाई."

"आणि हे किनाऱ्याकडं होते याला पुरावा?"

"पुरावा," अप्पा म्हणाले, आणि थांबले. "न्हाई साहेब. कोन ऱ्हायलं न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. "लिहा. पुरावा नाही."

"हाय," दारातून आवाज आला.

अक्का उभ्या होत्या. हेडमास्तर गडबडून म्हणाले, "अक्का, तुमी भाईर बसा बरं," पण साहेबांनी हात वर केला.

"साहेब, ह्या माणसानं बिडी कंदी वढली न्हाई," अक्का म्हणाल्या. पदर तोंडाशी होता, पण आवाज स्वच्छ होता. "वढत न्हाई, पर झोपंत मागतो. परत आला तवापासनं. दोन्ही हात असं असं वढतो आन वरडतो, बिडी, बिडी! समदं आंग घामानं भिजतंय. मी मराठी घरातली. मला वाटलं, सोलापुरात असंल कुनी तरी. ती पेटवून देत असंल. तिला मागतोय."

अप्पा वळून त्यांच्याकडं बघत राहिले.

"किती दिस ऐकायचं? शेवटी बाजारातनं बंडल आनलं आन ठेवलं ह्येच्या उशाशी. म्हनलं, घे, वढ, पर तुजं त्वांड बंद कर. सकाळी बंडल गायब. मी पुना ठेवलं."

"ती बंडलं तू ठेवत व्हतीस?" अप्पा म्हणाले. साहेब समोर आहेत, चौकशी चालू आहे, सगळं विसरले. "मला वाटलं, तू वढतीस."

"मी?"

"मग? उशाशी बिड्या. घरात दुसरं कोन हाय? म्या रोज उचलून उकिरड्यावर टाकायचो, कुनी बगू ने म्हणून. इचारू कुठल्या तोंडानं? इतकी वर्सं तुला टाकून गेलेला मी. म्हनलं, लागली आसंल सवय वाट बगून बगून."

हेडमास्तरांना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मलाही हसू आलं होतं, पण अक्कांचा चेहरा बघून ते जागीच विरलं. साहेब हसले नाहीत. पट्टी बांधलेल्या हाताकडं बघत त्यांनी विचारलं, "झोपेत कुणाला सांगता सोडायला?"

अप्पा बोलले ते खाली जमिनीकडं बघून.

"दोघं व्हते, साहेब. शीड चढवायची जी दोरी असती, उतरवताना तीच हळूहळू सोडायची. हात भाजतो म्हणून त्या दोघांनी गुंडाळून घेतली व्हती. तुमी घेतली तशी. वारा एकदम भरला आन दोरी पळाली. मी सुकाणूपाशी. म्या वरडलो. एकटा असता तर बिडो म्हणलो असतो. दोघं व्हते, म्हणून बिडी. त्येंनी सोडली न्हाई. सोडताच येत न्हवती, आवळली व्हती. शीड खाली यीना, गलबत आडवं झालं. मी पाण्यात फेकलो गेलो, मला दुसऱ्या गलबतानं उचललं. त्ये दोघं दोरीसंगटच गेले, तांडेल बी बुडाला." त्यांनी एकदा नाक पुसलं. "त्या दिशी तुमचा हात वर जाताना दिसला, आन मला दुसरं काय बी दिसंना. चूक झाली आसंल. माफी करा."

साहेबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. अक्का पदरानं डोळे पुसत होत्या.

"लिहा, मास्तर," साहेब म्हणाले. "धोक्याची सूचना कन्नड भाषेत देण्यात आली. मला ती भाषा येत नसल्यानं समजली नाही. झेंडा वाऱ्यामुळं खाली आला." मग थोडं थांबून, "दोरीपाशी यांना उभं करायला हवं होतं."

"व्हय साहेब, हवं व्हतं," हेडमास्तर म्हणाले. "लिहा, लिहा मास्तर."

घरी निघालो तेव्हा ऊन पडलं होतं. अप्पा पुढं, अक्का चार पावलं मागं, त्यांच्यामागं मी. मी मनातून इतका खूश होतो की वाटेत कुणी भेटलं असतं तर मिठी मारली असती. नोकरी वाचली होती, जेल टळलं होतं, आणि समुद्र खरा निघाला होता. आता दोघं काहीतरी गोड बोलतील, निदान अक्का हसतील, असं मला वाटत होतं.

"त्या दोघांत लगीन झालेलं कोन व्हतं?" अक्कांनी मागून विचारलं.

"एकाचं झालेलं." अप्पा न वळता म्हणाले. "होन्नावरच्या पल्याड, खाडीच्या काठाला घर. नवीनच लगीन व्हतं."

"तिला सांगितलाव?"

"न्हाई."

"दुसऱ्या कुनी?"

"सांगायला ऱ्हायलं कोन? मी एकटाच ऱ्हायलो."

अक्का रस्त्यात थांबल्या. "आन तुमी सरळ घरी आलाव."

"काय सांगू जाऊन तिला?" अप्पांचा आवाज फाटला. "मी वरडलो, त्यानं सोडली न्हाई, असं?"

"व्हय. असंच."

"इतकी वर्सं झाली. तिला कळलं आसंल. गलबत आलं न्हाई म्हंजे..."

"तुमी बी आला न्हवताव," अक्का म्हणाल्या. "मला काय कळलं? समदे म्हणायचे, गेला त्यो, पूस कपाळ. मी न्हाई पुसलं. रोज कुंकू लावताना हात थांबायचा माजा. हाय का न्हाई? हाय का न्हाई? आन लावायची. ती बी लावत असंल अजून, त्या खाडीच्या काठाला."

अप्पा मटकन रस्त्याच्या कडेला बसले. धोतर चिखलात गेलं, त्याचीही त्यांना शुद्ध नव्हती. मी त्यांना धरायला पुढं झालो, तर अक्कांनी मला हातानंच अडवलं आणि त्या स्वतः त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दिवाळीची सुट्टी लागली की निगायचं," त्या म्हणाल्या. "मी येते संगं. उठा. लई उशीर केलाव आदीच."